विसण

तोक्योच्या निशी-कसाई भागातल्या त्या सहाव्या मजल्यावरच्या घरात फोन वाजला की विभा आधी टीव्हीचा आवाज बंद करायची. फोन उचलायचा नाही हे ठरलेलंच असे; पण आपण घरात आहोत हे फोनलाही कळू नये असं तिला वाटे. वाजून वाजून तो गप्प झाला की ती श्वास सोडायची आणि अर्धवट चिरलेल्या भाजीकडे वळायची.

ही बाई मुळात भित्री नव्हती. कराडला असताना तिने कॉलेजच्या निवडणुकीत भाषणं ठोकली होती, एस.टी.त जागेवरून कंडक्टरशी वाद घातला होता. लग्नानंतर ती पुण्याला आली आणि २००३ साली नवऱ्याबरोबर, सारंगबरोबर, तोक्योला. सारंग सॉफ्टवेअर इंजिनीअर. सकाळी मेट्रोच्या तोझाई लाइनच्या गर्दीत शिरला की दिवेलागणीनंतरच उगवायचा. परदेशात भाषा येत नाही म्हणजे बोलता येत नाही, एवढीच विभाची कल्पना होती. इथे आल्यावर कळलं की भाषेबरोबर भांडण जातं, थट्टा जाते, भाजीवाल्याला ‘ही नको, ती दाखवा’ म्हणण्याचा तोराही जातो. मागे उरते ती नुसती मान डोलावणारी बाई.

त्यांची मुलगी मिताली पहिलीत गेली, त्या वर्षी एक प्रकार घडला. शाळेची पद्धत अशी, की तातडीचा निरोप असला की शिक्षिका यादीतल्या पहिल्या घरी फोन करणार, पहिल्या घराने दुसऱ्या घरी करायचा, दुसऱ्याने तिसऱ्या. क्रीडादिनाच्या पहाटे धो धो पाऊस होता आणि फोन वाजला. सारंग कामासाठी ओसाकाला गेलेला, मिताली गाढ झोपेत. विभाने जीव मुठीत धरून फोन उचलला. पलीकडची बाई भराभर काहीतरी बोलली. विभा ‘हो, हो’ म्हणाली. बाईने काही विचारलं. विभा पुन्हा ‘हो’ म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

क्रीडादिन पुढे ढकलला होता. तो निरोप विभाच्या घरापर्यंत आला आणि तिथेच बसून राहिला. यादीत तिच्यानंतर ज्यांचं नाव होतं ती छोटी मुलगी आणि तिची आई जेवणाचे डबे घेऊन शाळेच्या बंद फाटकापाशी पावसात उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढच्या घरांतली माणसंही.

कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्या भिजलेल्या आईने तर उलट विभालाच वाकून नमस्कार केला. पण पुढच्या महिन्यात शाळेकडून नवी यादी आली आणि तिच्यात मितालीचं नाव सगळ्यात खाली होतं. निरोप आता विभापाशी येऊन संपणार होता. तिने पुढे कुणालाच काही सांगायचं नव्हतं.

“बरंच झालं की,” सारंग म्हणाला. “टेन्शन गेलं.”

“तुला टीममध्ये असं शेवटी बसवलं तर?”

“बसवलेलंच आहे मला,” तो हसला.

विभाला हसू आलं नाही. मिताली त्या यादीकडे बघत जपानीत काही पुटपुटली.

“मराठीत बोल ना.”

“काही नाही.” मग जरा वेळाने पोरगी म्हणाली, “आई, परत फोन आला ना, की मला उठव. मी घेईन.”

ते ऐकून विभाच्या काळजात जे हललं, त्याला लाज म्हणावं की भीती, तिला सांगता आलं नसतं. आपल्यावाचून इथे कुणाचंच काही अडत नाही, आणि उद्या आपल्या पोरीचंही अडणार नाही, एवढं मात्र तिला लख्ख दिसलं.

तिथून तिचं शिकणं सुरू झालं. वॉर्डाच्या सभागृहात वरच्या मजल्यावर निवृत्त माणसं आणि फावल्या वेळातल्या गृहिणी मिळून परदेशी लोकांना जपानी शिकवत. पहिल्या दिवशी विभा जिन्यातून परत फिरली. दुसऱ्या खेपेला दारापर्यंत जाऊन आली. तिसऱ्या खेपेला आतल्याच एका आजोबांनी तिला पाहिलं आणि खुर्ची ओढून ठेवली. मग पळता येईना. दोन हिवाळे तिने तो वर्ग सोडला नाही. त्याच वर्गात तिला एका बाईने सांगितलं, की वृद्धांची देखभाल करायला शिकवणारा एक सरकारमान्य अभ्यासक्रम असतो, होम हेल्पर म्हणतात त्याला. “म्हाताऱ्यांशी सावकाश बोलावं लागतं,” ती बाई म्हणाली, “तुम्ही तसंही सावकाशच बोलता.”

सारंगने ऐकलं तेव्हा रविवार होता आणि तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता.

“तू म्हाताऱ्यांना आंघोळी घालणार? विभा, आई पुण्याहून आली होती तेव्हा तिच्या पायाला तेल लावायचं म्हटलं तर तू फुरंगटून बसली होतीस.”

“त्यांनी हुकूम सोडला म्हणून फुरंगटले होते. मागितलं असतं तर लावलं असतं.”

“हे लोक मागतील?”

“हे लोक मागतात की नाही तेच मला समजत नाही. तेच शिकायला चाललेय.”

सारंगने पुढचा सदरा उचलून झटकला.

अभ्यासक्रमात वीसेक जणी होत्या, बहुतेक पन्नाशीच्या, मुलं मार्गी लागलेल्या जपानी बायका. परदेशी अशी विभा एकटीच. शिकवणाऱ्या नागाईबाई बुटक्या, केस बारीक कापलेल्या, वर्षानुवर्षं वृद्धाश्रमात काम केलेल्या. त्या ओरडत नसत. विभाला वाटे, ओरडल्या असत्या तर बरं. आपल्याकडे मास्तर ओरडले की संपतं.

उशी कशी ठेवायची, अर्धांगवायू झालेल्या माणसाचा सदरा कुठल्या बाजूने आधी काढायचा, चमच्याने भरवताना आपण उभं का राहायचं नाही, हे सगळं ती पटापट शिकली. तिला धडकी भरे ती दिवस संपताना. रोज शेवटी सगळ्या जणी गोल बसत आणि एकेकीने उठून त्या दिवशी आपलं काय चुकलं ते सांगायचं. या बैठकीला हान्सेइ-काई म्हणत. बायका उठायच्या आणि गुन्हा कबूल केल्यासारखं बोलायच्या: माझा हात थंड होता, तो मी आधी चोळून गरम केला नाही. मी चाकाची खुर्ची वळवताना ‘वळवते’ असं सांगितलं नाही.

कराडच्या शाळेत विभा जे काही शिकली होती त्यात आपली चूक आपल्या तोंडाने वर्गासमोर सांगणं कुठेच बसत नव्हतं. चूक झाकायची, नाही झाकता आली तर शेजारच्या मुलीकडे बघायचं. म्हणून पाळी आली की ती घरी घोकून आलेलं शुद्ध जपानी वाक्य म्हणायची, “आज सगळं नीट झालं. धन्यवाद,” आणि खाली बसायची.

पहिल्यांदा नागाईबाईंनी नुसती वहीत नोंद केली. दुसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं. तिसऱ्यांदा त्या शांतपणे म्हणाल्या, “विभा-सान, सगळं नीट होत असेल तर तुम्ही इथे कशासाठी येता?”

कुणी हसलं नाही. विभाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

घरी तिने सारंगला सांगितलं तेव्हा मात्र तो ताटावरून उठून हसला. “अगं, आमच्या टीमचं रोजचं आहे हे! क्लायंट विचारतो, काम कसं चाललंय? आम्ही सगळे एका सुरात, नो प्रॉब्लेम. आणि जपान्यांचे चेहरे पडतात. प्रॉब्लेम नाही म्हणजे हे लोक काहीतरी लपवताहेत, अशी त्यांची खात्री होते.”

“मग तुम्ही काय करता?”

“छोटे छोटे प्रॉब्लेम तयार करून ठेवतो सांगायला.”

विभानेही तेच सुरू केलं. रोज एक निरुपद्रवी चूक शोधून ठेवायची. टॉवेल नीट घडी केला नाही. आवाज बारीक निघाला. नागाईबाई मान हलवायच्या. त्यांना हे कळत होतं की नाही, विभाला कधी ओळखता आलं नाही, आणि तीच नवी भीती होऊन बसली.

मग पाय धुण्याचा धडा आला. ज्यांना पूर्ण आंघोळ झेपत नाही त्यांचे पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवून धुवायचे. पाण्याचे दोन जग बाजूला भरून ठेवलेले, एक गरम, एक गार. विभाने सवयीने आधी गरम पाणी ओतलं आणि वरून गार, आपल्याकडे विसण घालतात तसं. नागाईबाईंनी तिचा हात धरला.

“आधी गार. मग गरम. नेहमी. म्हाताऱ्या माणसाने मध्येच पाय टाकला तर?”

नियम चोख होता, विभाला पटलाही. पण तिचा हात काही केल्या गार पाणी आधी ओतेना. सासरी नवीन असताना तिने एकदा बादलीत गार पाणी घेऊन त्यावर गरम ओतलं होतं. सासूबाई मोरीच्या दारातूनच कडाडल्या होत्या: “गार पाण्यात गरम? कुणाला पोचवायचं ठरवलंयस आज? मढ्याची आंघोळ असते ती!” तेव्हापासून ती उलटी धार तिच्या हाताने कधी धरली नव्हती. वर्गात तिने दात आवळून धरली, पण प्रत्येक वेळी पाठीवर काटा आला. त्या दिवशीच्या बैठकीत ती म्हणाली, “मी गरम पाणी आधी ओतलं.” खरी चूक सांगायची तिची ती पहिलीच वेळ. का ओतलं ते मात्र सांगितलं नाही. मढ्याला जपानीत काय म्हणतात हे तिला येत होतं. वर्गात तो शब्द उच्चारायचं धाडस झालं नाही.

शेवटी उरले प्रत्यक्ष कामाचे दोन दिवस. जवळच्या उरायासु शहरातल्या एका केंद्रात म्हातारी माणसं सकाळी गाडीतून येत, दिवसभर राहत आणि दुपारी घरी जात. तिथे विद्यार्थिनींनी काम करायचं, नागाईबाईंनी बघायचं. त्यांची शिफारस मिळाली तर प्रमाणपत्र. आदल्या वर्षी एका बाईच्या हातून एक आजोबा घसरले होते, ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही, असं मैत्रिणींनी कुजबुजून सांगितलं. काढून टाकली की स्वतःच गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. विभाने आपल्या मनाशी ठरवून टाकलं: काढून टाकली. हे गेलं, तर आपण पुन्हा यादीच्या तळाशी. मग सहाव्या मजल्यावर बसून फोनच्या गप्प होण्याची वाट बघायची. परत शिकायला बाहेर पडण्याइतकं बळ आपल्यात उरणार नाही, हे ती स्वतःला ओळखून होती.

पहिल्या दिवशी सकाळी केंद्रातल्या नर्सने माहिती दिली: कोण काय खातं, कुणाला कमी ऐकू येतं. “तोमी-सानना मधुमेह आहे. पायाची जाणीव गेलेली आहे. तापमान मोजल्याशिवाय पाय पाण्यात घालायचे नाहीत.” आणि मग विभाकडे बघून, “तोमी-सान तुमच्याकडे.”

तोमी-सान नव्वदीच्या, वाळलेल्या सुपारीसारख्या. केंद्रातल्या बायका त्यांना घाबरून असत. आदल्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या तुकडीतल्या एका विद्यार्थिनीला ओला टॉवेल फेकून मारला होता. विभाने समोर गुडघे टेकून नाव सांगितलं.

“कुठली तू?”

“भारतातली.”

“समुद्र आहे तिकडे?”

“आमच्या गावाला नदी आहे.”

“नदी!” तोमी-साननी नाक मुरडलं. “ही जमीन दिसते ना, इमारती उभ्या आहेत ती? सगळा समुद्र होता. ओहोटीला आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरून शिंपले काढायचो. थंडीत. जन्मभर गारठ्यात उभी राहिलेय मी. ऊन पाणी आण, बडबड नको.”

विभाने घमेलं मांडलं, टॉवेल मांडला, दोन्ही जग बाजूला ठेवले. नागाईबाई हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला कुणाला तरी खुर्चीतून उठवायला शिकवत होत्या. विभाने पाठ केल्याप्रमाणे गार पाण्याचा जग उचलला, घमेल्यात ओतला आणि गरम पाण्याच्या जगाला हात घातला.

“काय करतेस?”

तो आवाज आधीचा नव्हता. विभाने वर पाहिलं. म्हातारीचे ओठ थरथरत होते. खुर्चीचे हात तिने इतके घट्ट धरले होते की बोटांची हाडं पांढरी दिसत होती.

“गार पाण्यात गरम घालतेस? मेलेल्या माणसाला धुतात तसं? मी जिवंत आहे! दिसत नाही तुला? जिवंत आहे मी अजून!”

समुद्रापलीकडून, मोरीच्या दारातून, सासूबाईच जपानीत बोलताहेत असं विभाला वाटलं. त्या क्षणी ती नियम विसरली, नर्स विसरली, नागाईबाईंनाही विसरली. समोरची बाई मरणाला भ्याली होती आणि त्या भीतीचं कारण फक्त विभाला कळत होतं. “क्षमा करा, क्षमा करा,” म्हणत तिने घमेलं मोरीत रिकामं केलं, आणून ठेवलं आणि म्हातारीला दिसेल असं आधी गरम पाणी ओतलं. वाफ वर आली. तोमी-सानचा चेहरा सैल पडला.

“हं. असं.”

विभा गार पाण्याचा जग घ्यायला वळली. बस, तेवढंच. वाफ बघून सुखावलेल्या म्हातारीने पाय उचलला आणि घमेल्यावर आणला.

विभाने पाहिलं तेव्हा टाच पाण्याला टेकत होती. तिने जग टाकला आणि उजवा हात सरळ पाण्यात घालून टाच खालून उचलली. हाताला पाण्याने चावाच घेतला. दुसऱ्या हाताने तिने सांडलेला जग ओढला आणि उरलंसुरलं गार पाणी टाचेवर ओतलं, धावत जाऊन आणखी आणलं, आणखी ओतलं.

“पुरे गं, गारठवतेस मला!”

“दुखतंय का? आग होतेय का?”

“कशाची आग? मला काही कळत नाही तिथे.”

विभाने वाकून जवळून पाहिलं. टाच किंचित लाल होती. विशेष काही नाही असं म्हणता आलं असतं. पण जिथे काही कळतच नाही, तिथे विशेष काही आहे की नाही हे कोण सांगणार?

तोमी-साननी आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी वाकून विभाची बाही धरली.

“कुणाला बोलायचं नाही. समजलं? माझी मुलगी महाभित्री. तिला कळलं तर पाण्यात पाय घालणंच बंद करेल. आठवड्यातून दोनदाच मिळतं मला हे. मोजा घाल वर. घाल लवकर.”

विभाने मोजा घातला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला हे तिचं तिलाच ठाऊक. जेवणं झाली, टाळ्या वाजवत गाणी झाली. तिने भाजलेला हात एप्रनच्या खिशात ठेवला आणि डाव्या हाताने कामं केली. नजर पुन्हा पुन्हा त्या करड्या मोज्याकडे जाई. आत फोड येत असेल. येत नसेल. रात्री मुलगी मोजा काढेल. काढणार नाही, तशीच झोपवेल. मधुमेहाची जखम बरी होत नाही; कराडला त्यांच्या शेजारच्या काकांचा पाय एका साध्या फोडापायी गेला होता. तोमी-सान गाण्यावर ताल धरत होत्या आणि मध्येच विभाकडे बघून ओठांवर बोट ठेवत होत्या. विभाला तहान लागली होती, पण पेला धरला तर हात दिसेल.

दुपारी, म्हातारी माणसं चहा घेत असताना, शेजारच्या खोलीत बैठक बसली. केंद्रातली नर्सही आली. एक जण उठून म्हणाली, मी एका आजींना चुकीच्या नावाने हाक मारली. दुसरी म्हणाली, मी घास मोठा दिला. विभाच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तिला सगळ्यात अस्खलित येणारं जपानी वाक्य: आज सगळं नीट झालं, धन्यवाद. किंवा एखादी छोटीशी चूक, सारंगच्या टीमसारखी. टॉवेल उशिरा आणला, म्हणावं.

“विभा-सान.”

ती उठली. तिने टेबलाची कड धरली. आणि मग एकही वाक्य धड जमेना. क्रियापदं कुठल्या कुठे गेली, नम्र रूपं गळून पडली, दोन वर्षांचं शिक्षण गळून पडलं. “तोमी-सानचा पाय. टाच. गरम पाणी. मी आधी गरम ओतलं. पाय लागला. मोजा मी घातला. आत लाल आहे. बघा. आता बघा. कृपा करून आता बघा.”

तिने हात खिशातून काढला तो मुद्दाम नाही. हातवारे करताना निघाला.

नर्सची खुर्ची मागे पडली. ती आणि नागाईबाई एका शब्दाविना बाहेर गेल्या. दार उघडंच राहिलं. उरलेल्या बायका आपापल्या मांडीकडे बघत बसल्या. विभा उभीच होती. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरून तोमी-सानचा आवाज आला, “काही झालेलं नाही म्हणते ना मी! हात सोड!” संपलं, विभा मनात म्हणाली. आता पिशवी घ्यायची आणि स्टेशन गाठायचं. मितालीला काय सांगायचं?

नागाईबाई परत आल्या. त्यांनी विभासमोर बर्फाचं पाणी भरलेलं भांडं ठेवलं, तिचा हात मनगटाला धरून त्यात बुडवला आणि मग आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

“टाच लाल आहे. फोड नाही. घरी जाताना डॉक्टरांकडे नेतील. त्यांच्या मुलीशी मी बोलते.” त्यांनी वही बंद केली. “तुम्ही पुढे सांगा. तुमचं अजून संपलं नाही. आधी गरम का ओतलंत?”

विभाने सांगितलं. आधी गारच ओतलं होतं, मग आजी काय म्हणाल्या, आपल्याकडेही तसंच मानतात, सासूबाई काय म्हणायच्या. तो वर्गात गिळलेला शब्दही तिने या वेळी उच्चारला.

“माझ्या वडिलांना मी त्याच पाण्याने धुतलं,” नागाईबाई म्हणाल्या. “मला ते माहीत आहे. केंद्रातल्या निम्म्या माणसांना माहीत आहे. तरी नियम तोच राहील. कारण टाच भाजली आणि तुमचा हात भाजला. त्या ओरडल्या तेव्हा तुम्ही मला हाक का मारली नाहीत?”

“भीती वाटली.”

“कसली?”

“तुमची.”

कुणीतरी खाकरलं. नागाईबाईंचे कान लाल झाल्याचं विभाला दिसलं.

“उद्या काय करणार?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्या प्रत्येकीला विचारत. विभाने तो शेकडो वेळा ऐकला होता, तरी तिला वाटलं आपल्या कानांची काही गडबड झाली. उद्या?

“मोरीत,” ती अडखळत म्हणाली, “मोरीतच पाणी कालवेन. नियमाप्रमाणे. दार लावून. तापमान मोजेन. मग तयार पाणीच त्यांच्यासमोर नेईन. त्यांना आधी हात घालून बघायला सांगेन. आणि त्या ओरडल्या तर तुम्हाला हाक मारेन.”

“तोमी-सान उद्या तुम्हाला पाय देतील असं वाटतं?”

“नाही.”

“मलाही नाही वाटत,” नागाईबाई म्हणाल्या. “नऊ वाजता या.”

गाडी दाराशी लागली होती. चाकाच्या खुर्च्या रांगेत उभ्या होत्या. तोमी-सानच्या टाचेला पांढरी पट्टी होती आणि चेहऱ्यावर खवळलेला समुद्र. विभाला वाटलं, भिंतीआडून निघून जावं. पण आपण सांगितलं हे आपणच सांगायला हवं, एवढं तिला कळत होतं. ती जाऊन समोर गुडघे टेकून बसली.

“मी सांगितलं,” ती म्हणाली.

“कळलं. सगळ्या केंद्राला कळलं. माझा मोजा काढून चार जणी बघून गेल्या. पोरवयातसुद्धा कुणी इतके पाय पाहिले नव्हते माझे.” म्हातारीने तोंड फिरवलं. “माझ्या नव्वद वर्षांच्या तोंडाला टाळा लावता येतो, तुझ्या नाही.”

ड्रायव्हरने खुर्ची गाडीच्या फळीवर घेतली.

“ए.” तोमी-सान आता उंचावर होत्या. “हात दाखव.”

विभाने ओला, लालभडक हात वर केला. तोमी-साननी तो शिंपला पारखावा तसा उलटासुलटा न्याहाळला.

“भाजलाय चांगलाच,” त्या म्हणाल्या. “उद्या डाव्या हाताने धू. आणि पाणी कसं कालवलंस ते मला सांगू नकोस.”